सीआयएचं काँग्रेशनल अफेअर्स कार्यालय: सेवा चोख कुठे, तोकडी कुठे

लँगलीच्या मुख्यालयात सीआयएचं एक कार्यालय असं आहे, ज्याचा ग्राहक एकच: अमेरिकी काँग्रेस. नाव ऑफिस ऑफ काँग्रेशनल अफेअर्स, बोलण्यात ओसीए. इथले लोक परदेशात हेर सांभाळत नाहीत, विश्लेषणाचे अहवालही लिहीत नाहीत. समितीकडून आलेला प्रश्न घ्यायचा, यंत्रणेच्या पोटातून त्याचं उत्तर काढायचं, ते सुरक्षित खोलीपर्यंत पोहोचवायचं आणि काय सांगितलं याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. हे परीक्षण त्या सेवेचं आहे आणि ते सेवा घेणाऱ्यांच्या, म्हणजे समितीचे सदस्य आणि त्यांचा स्टाफ यांच्या बाजूने केलेलं आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. नेमकं मागितलं तर सेवा उत्तम आहे. न मागता मिळायला हवं ते मात्र उशिरा मिळतं, अर्धवट मिळतं, काही वेळा तर वर्तमानपत्रातून कळतं. त्यामुळे सेवेचा उपयोग किती होणार हे समितीच्या तयारीवर ठरतं, आणि माझ्या मते हाच तिचा मूळ दोष आहे. कायद्याने ही जबाबदारी समितीवर टाकलेलीच नाही.

1947 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात 1980 साली जी भर पडली, तिच्यानुसार दोन्ही सभागृहांच्या गुप्तवार्ता समित्यांना पूर्ण आणि वेळच्या वेळी माहिती देत राहणं हे यंत्रणेचं कर्तव्य आहे. चालू कामं, होऊ घातलेल्या महत्त्वाच्या हालचाली आणि मोठी अपयशं हे सगळं त्यात येतं. त्याच कलमात, संवेदनशील स्रोत आणि पद्धती उघड होऊ नयेत याचं भान राखून, अशीही पुस्ती आहे. रोजची सगळी घासाघीस या पुस्तीवर चालते.

आधीचा जमाना निराळा होता. पहिले लेजिस्लेटिव्ह कौन्सेल वॉल्टर फोर्झहायमर 1946 ते 1956 या काळात हा सगळा संपर्क जवळपास व्यक्तिगत ओळखींवर सांभाळत. रिचर्ड रसेल यांच्यासारख्या दोन-चार ज्येष्ठ समिती अध्यक्षांना विश्वासात घेतलं की भागायचं. 1956 मध्ये माइक मॅन्सफिल्ड यांनी देखरेखीसाठी संयुक्त समितीचा ठराव आणला, तो सिनेटने 59 विरुद्ध 27 मतांनी फेटाळला. गुप्तचर यंत्रणांच्या गैरप्रकारांवर सिनेटच्या चर्च आणि प्रतिनिधीगृहाच्या पाइक समितीने 1975 मध्ये केलेल्या चौकशांनंतर चित्र बदललं. मे 1976 मध्ये सिनेटची आणि जुलै 1977 मध्ये प्रतिनिधीगृहाची कायमची गुप्तवार्ता समिती आली. आजच्या ओसीएची रचना या दोन ग्राहकांभोवती झालेली आहे. दोन्ही समित्यांसाठी वेगळे संपर्क अधिकारी, विनियोजन (म्हणजे सरकारी पैसा मंजूर करणाऱ्या) उपसमित्यांसाठी वेगळे, विधेयकांवर नजर ठेवणारे वेगळे, आणि नव्या संचालकाच्या नियुक्तीच्या सुनावणीची तयारी हे आणखी एक काम.

आता प्रत्यक्ष सेवा. तिचा मुख्य पदार्थ म्हणजे ब्रीफिंग, समितीला माहिती देण्याची बंद खोलीतली बैठक. एका साध्या ब्रीफिंगचा प्रवास पाहिला की बाकीचं आपोआप समजतं.

समितीचा स्टाफ डायरेक्टर किंवा त्या विषयाचा कर्मचारी संपर्क अधिकाऱ्याला विनंती पाठवतो. ओसीए ती नोंदवून संबंधित विभागाकडे टास्किंग म्हणजे नेमून दिलेलं काम म्हणून पाठवतं, सोबत मुदत. विभाग मुद्दे लिहितो, वकील ते तपासतात, दुसऱ्या संस्थेची माहिती वापरली असेल तर तिची परवानगी घ्यावी लागते. विषय व्हाइट हाउसपर्यंत जाणारा असेल तर वेळ आणखी वाढतो. 2004 च्या कायद्यानंतर राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांचं कार्यालय आलं, त्याचंही स्वतःचं काँग्रेस-संपर्क खातं आहे, म्हणजे आणखी एक टेबल. मग सराव: अवघड प्रश्न कोण विचारील, उत्तर कुठे थांबवायचं, कोणता भाग फक्त सदस्यांपुढे बोलायचा आणि कोणता स्टाफपुढे चालेल. शेवटी विषयाचा जाणकार, लागला तर वकील आणि ओसीएचा अधिकारी अशी तुकडी कॅपिटल हिलवर जाते. सिनेट समितीची जागा हार्ट इमारतीतली 219 क्रमांकाची, प्रतिनिधीगृहाच्या समितीची कॅपिटल व्हिजिटर सेंटरमधली. दोन्ही ठिकाणी फोन बाहेर ठेवायचे आणि गोपनीय टिपणं आतच सोडायची. सदस्यांना निवडून आल्यामुळेच प्रवेश असतो, त्यांची वेगळी सुरक्षा तपासणी होत नाही. स्टाफला मात्र क्लिअरन्स, म्हणजे तपासणीनंतर मिळणारी गोपनीय माहितीची परवानगी, लागतो.

खोलीत ओसीएचा माणूस सहसा बोलत नाही, लिहितो. कोणी काय विचारलं, काय सांगितलं आणि काय ‘नंतर कळवतो’ म्हणून राहिलं, ते. परत आल्यावर त्याचा मेमो तयार होतो आणि राहिलेल्या प्रश्नांचं नवं टास्किंग निघतं.

हा भाग यंत्रणा खरोखर चांगला करते. विषयाचे जाणकार तयारीने येतात. एखाद्या देशाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमावर विचारलं तर तो विषय वर्षानुवर्षं हाताळणारा विश्लेषक समोर बसतो आणि कशाची खात्री आहे, कशाचा अंदाज आहे हे वेगळं करून सांगतो. परदेश दौऱ्यांची व्यवस्थाही चोख असते. तिथल्या स्टेशनप्रमुखाशी, म्हणजे त्या देशातल्या सीआयए कार्यालयाच्या प्रमुखाशी, बोलून सदस्यांना जे कळतं, ते वॉशिंग्टनमधल्या अनेक बैठकांत कळत नाही. विश्लेषणाच्या बाबतीत या सेवेला हातचं न राखता चांगले गुण द्यायला हवेत.

बिघडतं ते बहुतेक तीन जागी. पहिली जागा म्हणजे येणारा माणूस. फार वरचा अधिकारी आला तर त्याला तपशील माहीत नसतो, फार खालचा आला तर तपशील माहीत असून बोलायची मुभा नसते. विनंती करतानाच ‘हा कार्यक्रम रोज चालवणारी व्यक्ती आणि तिचा वरिष्ठ, दोघेही हवेत’ असं लिहावं. दुसरी जागा, राहिलेले प्रश्न. बैठक झाली की विभागाचं लक्ष दुसरीकडे जातं आणि उत्तरं रेंगाळतात. समितीने स्वतःची यादी ठेवून दर आठवड्याला ती संपर्क अधिकाऱ्यापुढे धरली नाही, तर त्यातले निम्मे प्रश्न सगळ्यांच्याच विस्मरणात जातात.

तिसरी जागा प्रश्नाची शब्दरचना, आणि घोडं खरं इथे अडतं. कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारलं आणि तेच काम दुसऱ्या नावाखाली चालू असेल, तर ‘नाही’ हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं. ‘सीआयए हे करते का?’ असं विचारलं आणि काम परदेशी संस्थेमार्फत होत असेल, तरीही तेच. म्हणून अनुभवी स्टाफ नावाऐवजी कृतीबद्दल विचारतो, काळाची मर्यादा घालतो, ‘यंत्रणेचा कोणताही विभाग, कंत्राटदार किंवा भागीदार’ असे शब्द घालतो आणि प्रश्न लेखी देतो. सुनावणीनंतरचे लेखी प्रश्न रटाळ वाटतात. पण लेखी उत्तरावर अनेकांची मंजुरी लागते, आणि चुकीचं उत्तर पुढे कोणालाही ‘तोंडी बोलताना राहून गेलं’ म्हणून झटकता येत नाही. तोंडी उत्तर समाधान देतं, लेखी उत्तर पुरावा देतं. मला विचाराल तर दहा बैठकांपेक्षा एक लेखी उत्तर घ्यावं.

नोंदींचा प्रश्न किती खोल आहे ते 2009 च्या मे महिन्यात दिसलं. कैद्यांच्या चौकशीच्या कठोर पद्धतींबद्दल कोणत्या सदस्याला कधी सांगितलं, यावरून प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी आणि सीआयए यांच्यात जाहीर वाद झाला. यंत्रणेने 2002 पासूनच्या 40 ब्रीफिंगचा तक्ता काँग्रेसला दिला. सिनेटर बॉब ग्रॅहम यांनी विचारलं तेव्हा यंत्रणेने त्यांना त्यांच्या ब्रीफिंगच्या चार तारखा सांगितल्या होत्या. ग्रॅहम यांना रोजचा दिनक्रम छोट्या वह्यांमध्ये टिपून ठेवायची सवय होती. त्यांनी वह्या काढल्या, तर त्या चारपैकी एकाच तारखेला ब्रीफिंग झाल्याचं दिसलं, आणि उरलेल्या तारखा चुकीच्या असल्याचं यंत्रणेला मान्य करावं लागलं. तक्त्यासोबतच्या पत्रात संचालक लिऑन पॅनेटा यांनीही लिहिलं होतं, की ही माहिती त्या वेळचे मेमो आणि संबंधितांच्या आठवणींवरून केलेली टिपणं यांतून घेतली आहे, आणि ती प्रत्यक्षात घडलेल्याशी जुळते का हे समितीनेच ठरवायचं आहे. नोंद ठेवणं हे ज्या कार्यालयाचं मुख्य काम, त्याच्या कागदांची ही अवस्था. पेलोसी यांना सप्टेंबर 2002 च्या बैठकीत नेमकं काय सांगितलं होतं, हा वाद दोन्ही बाजूंना मान्य होईल असा कधीच मिटला नाही, कारण दोघांनीही सही करून मान्य केलेला कागद नव्हता. यावरचा उपाय साधा आहे आणि तो आजही सर्रास होत नाही: बैठकीनंतर लगेच समितीने आपलं टिपण आणि ओसीएने आपला मेमो समोरासमोर ताडून पाहावा आणि मतभेद असतील तर तिथेच लिहून ठेवावेत.

आता न मागता मिळायच्या गोष्टी. ‘काँग्रेशनल नोटिफिकेशन’ म्हणजे यंत्रणेने आपणहून दिलेली लेखी सूचना: एखादा हेर पकडला गेला, कारवाई फसली, मोठी माहिती फुटली, महत्त्वाचं काही सुरू होणार आहे. कोणत्या घटना कळवायच्या आणि कशा, यासाठी राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांचा 112 क्रमांकाचा निर्देश आहे. चांगल्या दिवशी ही सेवा अशी चालते: बातमी फुटायच्या आत दोन्ही समित्यांच्या स्टाफ डायरेक्टरना फोन, मग कागद, मग बैठक. वाईट दिवशी वरातीमागून घोडं.

याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण 1984 चं आहे. निकाराग्वाच्या बंदरांत पाणसुरुंग पेरण्यात सीआयएचा हात होता. प्रतिनिधीगृहाच्या समितीला ते जानेवारीअखेर कळलं होतं. सिनेट समितीपुढे संचालक विल्यम केसी यांनी मार्चमधल्या लांबलचक साक्षीत एका वाक्यात उल्लेख केला आणि पुढे गेले. सुरुंग कोणी पेरले हे त्या वाक्यातून स्पष्ट होत नव्हतं. एप्रिलमध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर यांनी केसींना अत्यंत कडक पत्र लिहिलं. ते यंत्रणेचे विरोधक नव्हते, मोठे पाठीराखे होते. उपाध्यक्ष डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी पदाचा राजीनामा जाहीर केला, केसींनी माफी मागितल्यावर तो मागे घेतला. जूनमध्ये लेखी समझोता झाला, की गुप्त कारवाईची नवीन मंजुरी आणि चालू कारवाईतला महत्त्वाचा बदल वेगळा आणि स्पष्ट कळवायचा.

यातून सेवेची दोन मोजमापं मिळतात आणि ती आजही लागू आहेत. एक, दोन्ही समित्यांना तीच माहिती त्याच दिवशी मिळाली का. दोन, महत्त्वाची गोष्ट स्वतंत्र कागदावर आली का, की मोठ्या बोलण्याच्या ओघात मिसळून गेली. एक वाक्य उच्चारलं म्हणजे कळवलं, असं ज्या यंत्रणेला वाटतं तिने कायद्याचं अक्षर पाळलं असेल, पण समितीला माहिती मिळालेली नसते.

समझोताही पुरला नाही. जानेवारी 1986 मध्ये इराणला शस्त्रं देण्याच्या मंजुरीपत्रातच काँग्रेसला कळवू नये असा आदेश होता, आणि प्रकरण नोव्हेंबरमध्ये लेबनॉनमधल्या एका मासिकामुळे उघड झालं. इथे संपर्क कार्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही, हात वरून बांधलेले होते. पण त्यातूनच 1991 चा कायदा आला आणि सेवा खऱ्या अर्थाने सुधारली. आता गुप्त कारवाईसाठी राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लेखीच लागते. तातडीची तोंडी असली तरी 48 तासांत कागद व्हावा लागतो. झालेल्या कृतीला मागाहून मंजुरी देता येत नाही. अपवादात्मक स्थितीत फक्त आठ जणांना सांगता येतं: दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य.

हा आठ जणांचा मार्ग म्हणजे सेवेचा सर्वांत कमकुवत भाग. त्या सदस्याला स्टाफ नेता येत नाही, तज्ज्ञाला विचारता येत नाही, सहकाऱ्याशी बोलता येत नाही. 17 जुलै 2003 रोजी सिनेटर जे रॉकफेलर यांनी उपाध्यक्ष डिक चेनी यांना हाताने पत्र लिहिलं ते याच कोंडीतून. विषय एनएसए या इलेक्ट्रॉनिक टेहळणी करणाऱ्या संस्थेच्या पाळतीचा होता, पण त्या बैठकीत सीआयएचे संचालकही होते. आपण तंत्रज्ञही नाही आणि वकीलही नाही, कोणाचा सल्ला घेता येत नाही, त्यामुळे या कामाला संमती देणंही शक्य नाही आणि त्याचं मूल्यमापनही, असा त्या पत्राचा आशय होता. एक प्रत त्यांनी सीलबंद करून समितीच्या सुरक्षित जागी ठेवली. टाइप करायलाही कोणी नव्हतं, म्हणून हस्ताक्षर. ज्याला ऐकता येतं पण काही करता येत नाही, त्याला दिलेली माहिती यंत्रणेच्या हिशेबात ‘काँग्रेसला कळवलं’ म्हणून धरली जाते. हे मला मान्य नाही. 2010 च्या कायद्याने थोडी दुरुस्ती केली: अशा वेळी कारण लेखी द्यायचं, बाकी सदस्यांना निदान अशी कारवाई आहे याची कल्पना द्यायची आणि 180 दिवसांत मर्यादेचा फेरविचार करायचा.

त्याच्याच आदल्या वर्षी, जून 2009 मध्ये, पॅनेटा यांना अल कायदाच्या म्होरक्यांविरुद्धच्या एका कार्यक्रमाची माहिती मिळाली. तो काँग्रेसपासून वर्षानुवर्षं लपवला होता. त्यांनी तो थांबवला आणि लगेच दोन्ही समित्यांना सांगितलं. संपर्क कार्यालय कितीही सक्षम असलं, तरी ताकास तूर लागू द्यायचा नाही असं वरून ठरलं तर ते काही करू शकत नाही, आणि वरचा माणूस ठाम असेल तर तेच कार्यालय एका दिवसात काम करतं. संचालक बदलला की सेवेचा दर्जा बदलतो. स्टाफने हे गृहीत धरून चालावं.

खोटं बोलल्याची किंमत? ती लागते, पण हलकी. चिलीतल्या सीआयएच्या कारवायांबद्दल काँग्रेसपुढे पूर्ण खरं न सांगितल्याप्रकरणी माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांना 1977 मध्ये 2000 डॉलर दंड आणि स्थगित शिक्षा झाली. 1983-84 मध्ये याच संपर्क कार्यालयाचे प्रमुख असलेले क्लेअर जॉर्ज पुढे गुप्त कारवायांचे प्रमुख झाले आणि इराण-कॉन्ट्रा प्रकरणात (इराणच्या त्याच शस्त्रव्यवहाराचा पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण) काँग्रेसपुढे खोटं बोलल्याबद्दल 1992 मध्ये दोषी ठरले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली.

कागदपत्रं पाहायला मिळण्याची सेवा वेगळी आणि जास्त जिकिरीची. नियमित अहवाल सहज मिळतात. मूळ केबल (परदेशातल्या कार्यालयांचे गुप्त संदेश), एजंटांची ओळख सांगणारे कागद, राष्ट्राध्यक्षांचं रोजचं गुप्तवार्ता टिपण हे सहसा मिळत नाही. कैद्यांच्या चौकशीबद्दल सिनेट समितीने 2009 मध्ये अभ्यास सुरू केला तेव्हा तडजोड अशी झाली: उत्तर व्हर्जिनियातल्या सीआयएच्या भाड्याच्या इमारतीत, सीआयएने पुरवलेल्या संगणकांवर, स्टाफने 60 लाखांहून जास्त पानं वाचायची. 2010 मध्ये त्यातली सुमारे 900 कागदपत्रं न सांगता काढून घेतली गेली. जानेवारी 2014 मध्ये यंत्रणेच्या माणसांनी त्या संगणकांवरचा समितीच्या वापराचा भाग तपासल्याचं उघड झालं, आणि 11 मार्चला समितीच्या अध्यक्ष डायान फाइनस्टाइन यांनी ते सिनेटच्या सभागृहात मांडलं. यंत्रणेच्याच महानिरीक्षकांना पाच कर्मचाऱ्यांनी अनुचित प्रवेश केल्याचं आढळलं आणि संचालक जॉन ब्रेनन यांनी माफी मागितली. पुढे यंत्रणेने नेमलेल्या मंडळाने कोणालाही शिक्षा सुचवली नाही. मूळ चूक पहिल्याच दिवशी झाली होती. संगणक कोणाचे, त्यावरच्या फायली कोणाच्या, देखभालीसाठी आत कोण येणार आणि त्याची नोंद कोण पाहणार, हे दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने समजून घेतलं होतं. अशा कामात जागा यंत्रणेची असेल तर निदान प्रवेशाच्या नोंदींची प्रत रोज समितीकडे यायला हवी.

सेवेची गती वाढवणारी खरी गोष्ट म्हणजे पैसा. कायद्याने गुप्तवार्तेचा खर्च स्पष्ट मंजुरीशिवाय करता येत नाही. वार्षिक मंजुरी विधेयकाच्या गोपनीय परिशिष्टात समिती ‘अमुक तारखेपर्यंत अहवाल द्या, तोवर एवढी रक्कम रोखली’ असं लिहू शकते, आणि अशा अटीचं उत्तर क्वचितच रेंगाळतं. डिसेंबर 2004 नंतर ऑक्टोबर 2010 पर्यंत हे विधेयक एकदाही कायदा झालं नाही. त्या काळात संरक्षण विनियोजनाच्या कायद्यातल्या एका ओळीने मंजुरीची गरज भागवली गेली आणि गुप्तवार्ता समित्यांचं वजन घटलं. यंत्रणेला ज्यांच्याकडून पैसा मिळत होता त्या विनियोजन उपसमित्यांचे फोन आधी उचलले जाणं स्वाभाविक होतं.

समितीबाहेरच्या सदस्यांसाठी ही सेवा जवळपास नाहीच. त्यांना समितीच्या खोलीत वेळ घेऊन परिशिष्ट वाचता येतं, टिपणं नेता येत नाहीत, आणि मदतीला स्वतःचा स्टाफ नसतो.

समितीवर नव्याने आलेल्या सदस्याने पहिल्या महिन्यात ओसीएकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात: चालू असलेल्या सर्व गुप्त कारवायांच्या मंजुऱ्यांची तारीखवार यादी आणि प्रत्येकीत नंतर झालेले बदल, मागच्या दोन वर्षांतल्या सूचनांची, घटना घडल्याची आणि कळवल्याची तारीख शेजारी-शेजारी दाखवणारी यादी, मुदत उलटलेले अहवाल, आणि गुप्त कारवायांच्या तिमाही आढाव्याची पुढची तारीख. दुसऱ्या यादीतलं दोन तारखांमधलं अंतर आधी पाहावं. ते काही दिवसांचं असेल तर संपर्क अधिकाऱ्यावर विसंबून काम करता येईल. महिन्यांचं असेल, तर प्रत्येक प्रश्न लेखी द्यावा आणि पुढच्या परिशिष्टात कोणत्या रकमेवर अट घालायची ते स्टाफशी बोलून ठेवावं.